मोरोक्कोची कारागिरी कोल्हापूरच्या घरात कशी आणायची: चुना, लोकर, चामडं आणि तांबं

परवा राजारामपुरीत एका घरी गेलेलो, तिथल्या ताईंनी मोबाईलवर साठ-सत्तर फोटो सेव्ह करून ठेवलेले, सगळे मोरोक्कोचे. निळ्या-हिरव्या टाइल्स, भोकाभोकांचे पितळी कंदील, पांढरे मऊ गालिचे, चामड्याची गोल बैठक, आणि म्हणाल्या दादा हे सगळं आपल्या हॉलमध्ये बसवायचंय. हॉल बारा बाय चौदा. मी म्हटलं ताई सगळं बसेल, पण मग ते घर नाही राहणार, दुकान होईल. यातलं एक निवडा, फार तर दोन, आणि ते विकत आणण्याआधी ते बनतं कसं ते समजून घ्या, कारण त्या फोटोत जे डोळ्याला भावतंय ना ते डिझाइन नाही, तो हात आहे. आणि हात आपल्या कोल्हापुरात पण आहेत, घोंगडीवाले आहेत, चप्पलवाले आहेत, कुंभार आहेत, चुन्यातलं कळणारे जुने गवंडी अजून आहेत. म्हणून हे सविस्तर लिहितोय, म्हणजे ज्याला करायचंय त्याला एका जागी सापडेल.

आधी दोन शब्द नीट समजून घेऊया, कारण बाजारात सगळ्यालाच मोरोक्कन म्हणतात. बर्बर म्हणजे उत्तर आफ्रिकेतले मूळ लोक, ते स्वतःला अमाझिग म्हणवतात, अनेकवचनी इमाझिगेन. त्यांची कला बरीचशी डोंगरातल्या गावांची, अ‍ॅटलास पर्वताकडची, लोकर, चामडं, माती, चांदी, आणि विणकाम बहुतेक बायका घरच्या उभ्या मागावर करतात. मूरिश म्हणजे शहरातलं काम. ७११ ते १४९२ या काळात स्पेनच्या कमी-जास्त भागावर मुस्लिम सत्ता होत्या, त्या लोकांना युरोपवाले मूर म्हणायचे, तर कॉर्डोबाची मशीद, ग्रॅनडाचा अल्हाम्ब्रा, इकडे मोरोक्कोत फेस आणि माराकेश या शहरांतले मदरसे ही ती परंपरा. इथे चुना, टाइल, कोरलेला गिलावा, देवदाराचं लाकूड आणि भूमिती. आता दोन्ही वेगळं म्हणावं तर तसंही नाही, कारण माराकेश वसवणारे अल्मोराविद आणि त्यांच्यानंतरचे अल्मोहाद ही दोन्ही घराणी बर्बरच होती आणि त्यांनी स्पेनवर पण राज्य केलं. पण घर करताना हा फरक कामाला येतो. छत बुटकं असेल, उजेड कमी असेल, भाड्याचं घर असेल तर बर्बर बाजूला जा, लोकर नि चामडं, उद्या घर बदललं तर गुंडाळून नेता येतं. स्वतःचं घर आहे, बाथरूम किंवा बेसिनची भिंत नव्याने करायचीय, तर मग मूरिश.

सुरुवात चुन्यापासून करतो कारण मला स्वतःला हे काम सगळ्यात जास्त आवडतं. माराकेशच्या हमामांमधली, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरांमधली, ती चकचकीत, सांधा नसलेली, हात लावला की थंड लागणारी भिंत बघितली असेल, तिला तादेलाक्त म्हणतात, शब्दच मुळात चोळणं-मळणं या अर्थाचा आहे. त्यावर रंगाचा हात नसतो, वॉर्निश नसतं, पॉलिश नसतं. चुन्याचा गिलावा ओला असतानाच दगडाने घोटतात आणि वर ऑलिव्ह तेलाचा काळा मऊ साबण चोळतात. साबणातलं तेल आणि चुना यांची रासायनिक क्रिया होऊन पाण्यात न विरघळणारा चुन्याचा साबण तयार होतो, तो वरची बारीक छिद्रं बुजवतो आणि पाणी वरच्या वर ओघळून जातं. एवढी साधी गोष्ट आणि शेकडो वर्षं चाललीय.

आता आपल्याकडे माराकेशचा चुना मिळणं अवघड. त्यांचा चुना स्वभावाने थोडा वेगळा, पाण्यातही धरणारा, आणि त्यात न भाजलेले बारीक खडे तसेच राहतात, तेच वाळूचं काम करतात. आपण चांगला मुरलेला चुना आणि संगमरवराची बारीक पूड घ्यायची. राजस्थानात अराईश करतात ते याचंच भावंड, तिथेही चुना-संगमरवर घोटून काचेसारखं करतात. प्रमाण साधारण एकास एक धरून सुरू करा, पण भिंतीवर जाण्याआधी एक बाय एक फुटाचे दोन-तीन नमुने करा, खरखरीत फरशीच्या तुकड्यावर, आणि पूड थोडी कमी-जास्त करून बघा. रंग घालायचा तर लाल कोब्याला वापरतात ते ऑक्साइड, नाहीतर गेरू, चुन्याच्या वजनाच्या दहाव्या भागापेक्षा कमीच, जास्त झाला की गिलावा कमजोर होतो. गेरूचा जो रंग येतो तो माराकेशच्या भिंतींच्या अगदी जवळ जातो बघा.

भिंत कशी हवी, तर वाळू-चुन्याच्या किंवा वाळू-सिमेंटच्या खरखरीत गिलाव्याची. जिप्समवर नाही, पुट्टीवर नाही, जुन्या ऑइलपेंटवर तर अजिबात नाही. आदल्या दिवशी भिंत पाण्याने भिजवा आणि लावायच्या आधी परत, इतकी की पाणी पिणं थांबेल पण वर ओघळ दिसणार नाही. पहिला हात लाकडी थापीने दाबून, दुसरा त्यावर तो ओलसर असतानाच. दोन्ही मिळून पाच-सहा मिलिमीटर. मग थांबायचं. इथेच सगळं काम आहे. बोट टेकवलं तर ठसा उमटतो पण चुना बोटाला चिकटत नाही, अशी वेळ आली की दगड हातात घ्यायचा. दगड नदीतला असा गुळगुळीत की त्यावरनं नख फिरवलं तर कुठे अडकणार नाही, मुठीत बसणारा. माझ्याकडे एक काळसर गोटा आहे, आज्जीच्या परसात तुळशीपाशी असायचा, तोच वापरतो. छोटे छोटे गोल करत, दाब सारखा ठेवत, आधी भिंत मॅट दिसते, मग दगडाच्या मागे एक ओलसर चमक धरायला लागते, आणि आवाज बदलतो, खर्र खर्र असतो तो सुळसुळ होतो. कान द्या त्या आवाजाकडे, डोळ्याच्या आधी कानाला कळतं.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी साबण. ऑलिव्ह तेलाचा मऊ साबण ऑनलाइन मिळतो, एक भाग साबण दहा भाग कोमट पाण्यात, ब्रशने लावायचा आणि परत तोच दगड. भांड्याचं लिक्विड किंवा कपड्याची पावडर चालत नाही, तो साबणच नसतो, डिटर्जंट असतो, त्याची चुन्याशी ही क्रिया होत नाही. मग महिनाभर त्या भिंतीवर पाणी नको.

माझं एकदा फसलं ते सांगतो. एप्रिलमध्ये घेतलं काम, पश्चिमेची खिडकी उघडी, ऊन थेट भिंतीवर, वर पंखा चालू. दुपारपर्यंत केसासारख्या भेगा, संध्याकाळपर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारख्या. सगळं खरवडून काढलं आणि पुन्हा दिवाळीनंतर केलं. चुन्याला सावकाश वाळू द्यायचं, ऊन नको वारा नको. आपल्याकडे ऑक्टोबरअखेर ते जानेवारी हा सगळ्यात चांगला काळ. दुसरं असं की एक भिंत एका दिवसात एकाच दमात संपवायची, अर्धी आज अर्धी उद्या केली तर सांधा कायमचा दिसतो, म्हणून किमान दोन माणसं पाहिजेत. कोपरे धारदार ठेवू नका, गोल करा, धार पहिल्याच धक्क्याला उडते. आणि हातमोजे, चष्मा घालाच, ओला चुना कातडी खातो आणि डोळ्यात गेला तर खेळ नाही. नंतर साफ करताना टॉयलेट क्लीनर, व्हिनेगर, लिंबू काहीही नको, आम्ल लागलं की चमक गेली.

स्पष्ट सांगायचं तर आपल्या साध्या चुन्यातलं हे काम बेसिनच्या मागे, कोनाड्यात, बाथरूमच्या वरच्या भागात छान टिकतं, शॉवरखालच्या जमिनीला मी करून देत नाही. आणि एक सावधगिरी, व्हाइट सिमेंटवर वॅक्स मारून तादेलाक्त म्हणून विकणारे आहेत, माझ्या एका ओळखीच्या घरी एका ठेकेदाराने हेच केलं आणि वर्षभरात पापुद्रे निघाले. काम सुरू असताना दगड आणि साबण दिसला नाही तर विचारा.

टाइल्सचं थोडक्यात. खरी टाइल म्हणजे झेलीज, फेसची माती, हाताने थापलेली, वर ग्लेझ म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, आणि नक्षीचे तुकडे एकेक करून धारदार हातोडीने घडवतात. मग ते तुकडे पालथे, म्हणजे रंगाची बाजू खाली ठेवून जुळवतात आणि मागून गिलावा ओततात, म्हणजे कारागीर नक्षी उलटी, रंग न बघता, डोक्यातल्या हिशोबावर लावत जातो. हे काम लहानपणापासून शिकावं लागतं, घरी करायच्या भानगडीत पडू नका. बाजारात मोरोक्कन प्रिंट म्हणून जी फुलाफुलांची टाइल देतात ती बहुतेक वेळा सिमेंट टाइलच्या नक्षीची छापील नक्कल असते, आणि ती सिमेंट टाइल एकोणिसाव्या शतकातली, युरोपातली. वाईट नाही, पण झेलीज नाही.

आणि गंमत बघा, आपण वर्षातनं दोनदा गोव्याला जातो, पणजीत त्या निळ्या-पांढऱ्या हाताने रंगवलेल्या टाइल्स बघतो, अझुलेजो, तो शब्द अरबी अझ-झुलैज वरनं आला आणि झेलीज पण तिथूनच. मूरांकडून स्पेन-पोर्तुगालला, पोर्तुगालकडून गोव्याला. म्हणजे ही कला आंबोली घाट उतरला की आपल्या शेजारीच येऊन थांबलेली आहे.

खरी झेलीज परवडली तर साधी चौकोनी चार इंची एकरंगी घ्या, नक्षीशिवाय, बेसिनमागची छोटी भिंत. तिची जान त्या कमी-जास्तपणात आहे, एकाच हिरव्या रंगाच्या वीस छटा. लावताना सगळे बॉक्स उघडून टाइल्स मिसळून घ्या, नाहीतर भिंतीवर पट्टे दिसतात. मागची माती पाणी शोषते म्हणून आधी बादलीत बुडवून घ्या, टिपून मग लावा, नाहीतर टाइल चिकटवणातलं पाणी ओढून घेते आणि पुढे सुटते. स्पेसर नको, टाइलला टाइल जवळ जवळ टेकवून, सांधा एक-दोन मिलिमीटरचाच. आपले फरशीवाले मामा सरळ दोरी धरून सगळं एका पातळीत आणायला बघतात, त्यांना आधीच सांगून ठेवा की मामा ही वर-खालीच दिसायची आहे, नाहीतर ते मनापासून मेहनत करून ती घासून सपाट करतील. एवढं आणि, अरबी अक्षरं असलेली टाइल किंवा वॉलपेपर टॉयलेटात, जमिनीवर लावू नका. त्या इमारतींवर बऱ्याचदा कुराणातली वचनं असतात, अल्हाम्ब्रात तर "ईश्वराशिवाय कोणी विजेता नाही" हे वाक्य जागोजाग कोरलंय. आपण आपला श्लोक पायाखाली घालणार नाही तसंच ते.

कमानीचा कोनाडा सोप्पा आहे. मूरिश घोड्याच्या नालेसारखी कमान हवी तर प्लायवर बारा इंच त्रिज्येचं वर्तुळ काढा, आणि मध्यबिंदूच्या चार इंच खाली आडवी रेघ मारा, वर्तुळ त्या रेघेपर्यंत खाली येऊ द्या. मधे रुंदी चोवीस इंच, खाली येता येता साधारण साडेबावीस, तेवढ्यानेच नालेचा आकार येतो. हाच साचा ठेवून गवंड्याला गिलावा करायला सांगा. कोरीव काम हवं असेल तर पापाच्या तिकटीच्या कुंभार गल्लीत नाहीतर बापट कॅम्पला विचारा, मूर्तीवाल्यांचा प्लास्टरवरचा हात फार स्वच्छ असतो, पण गणपतीच्या आधी जाऊ नका, त्या दिवसांत त्यांना जेवायला वेळ नसतो. अनंत चतुर्दशी झाली की जा. आणि प्लास्टरचं काम कोरड्या खोलीतच. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांच्या घरात शिरला त्यांना वेगळं सांगायला नको, जिप्समने एकदा पाणी प्यायलं की संपलं.

आता लोकर, म्हणजे माझ्या मते कोल्हापूरकरांनी सगळ्यात आधी जे करायला हवं ते. तो प्रसिद्ध पांढरा गालिचा, ज्यावर काळ्या-तपकिरी रेघांचे शंकरपाळे असतात, तो मध्य अ‍ॅटलासमधल्या बेनी ऊराइन जमातींचा. लोकर न रंगवलेली, पांढरी मेंढीची पांढरी, रेघा काळ्या मेंढीच्या. समोर नकाशा नसतो, बाई मनानेच विणत जाते, म्हणून रेघ मधेच सरकते, एक शंकरपाळा मोठा एक लहान, शेवटी जागा संपली म्हणून अर्धाच. गाठी मारलेला, जाड, थंडीत अंगावर घ्यायला आणि अंथरायला. हे सगळं वाचताना तुम्हाला घोंगडी नाही आठवली तर सांगा! दख्खनी मेंढीची न रंगवलेली काळी लोकर, खड्ड्याच्या मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली, आणि पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या यात्रेला गेलात तर खांद्याखांद्यावर दिसणारी.

तर असं करा. काळी घोंगडी घ्या, चांगली जड बघून, मशीनची ब्लँकेट नको. पहिल्यांदा टोचते, ती खळ असते, दोन-चार महिन्यांत मऊ पडते. तिच्यावर जाड पांढऱ्या लोकरीने, गोणपाट शिवायच्या दाभणाने शंकरपाळ्याची जाळी भरा. आधी खडूने फक्त दोन तिरक्या रेघा मारा, एक इकडून एक तिकडून, बाकी नजरेने. अंतर साधारण वीतभर. फूटपट्टी लावून केलं तर ते चादरीचं प्रिंट वाटतं, नजरेने केलं तर जिवंत वाटतं, मी दोन्ही करून बघितलंय. टाके उलट्या बाजूला लांब सोडू नका, पाय अडकतो. ही गालिच्यासारखी गुबगुबीत होणार नाही, कारण घोंगडी सपाट विणीची, पण दिवाणावर, भिंतीवर, झोपाळ्यावर अशी बसते की विचारू नका. आणि घोंगडीवाल्याला सांगून पांढऱ्या लोकरीचे पट्टे विणूनच घेता आले तर अजून उत्तम, पैसे थोडे जास्त द्या, घासाघीस करू नका, एका घोंगडीमागे कातणं, ताणा लावणं, विणणं, खळ देणं एवढं सगळं आहे आणि करणारी घरं कमी होत चाललीत. पावसाळ्यात गुंडाळून ठेवा, आत कडुलिंबाचा पाला, आणि ऊन पडेल तेव्हा तासभर बाहेर.

बर्बर बायकांचा अजून एक गालिचा आहे, बुशरवित, जुन्या फाटक्या कपड्यांच्या चिंध्यांचा, रंगीबेरंगी. आपली वाकळ. फरक एवढाच की वाकळीत थरावर थर ठेवून धावदोरा घालतो, यात चिंध्या गाठवतात. घरी करायचा तर धुतलेलं गोणपाट घ्या, कडा दुमडून शिवा, इचलकरंजीच्या कटपीसवाल्याकडून किंवा घरचेच जुने टी-शर्ट, साड्या यांच्या इंचभर रुंद, चार-पाच इंच लांब पट्ट्या कापा, आणि जाड हुकाने एका भोकातून आत शेजारच्या भोकातून बाहेर काढून गाठ मारा. ओळीत दोन बोटं अंतर. टीव्ही बघता बघता होतं, एका बाथमॅटएवढ्याला माझ्या बहिणीला तीन आठवडे लागले, रोज तासभर.

चामड्याची गोल बैठक म्हणजे पूफ. फेसच्या शुआरा चर्मालयात चुना आणि कबुतराची विष्ठा वापरून कातडं मऊ करतात, आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्याने कमावतात, २०१९ मध्ये त्या चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. तर सुभाषनगरात एखाद्या चांगल्या कारागिराकडे जा, पण चपलेच्या तळाचं जाड चामडं नको, बकऱ्याचं पातळ मागा. माप असं द्या: वीस इंच व्यास, चौदा इंच उंची, आठ कळ्या. घेर साधारण त्रेसष्ट इंच, आठाने भागलं की आठला थोडं कमी, शिवणीला दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच, म्हणजे मधल्या भागात प्रत्येक कळी नऊ इंच कापायची, वर निमुळती. वरच्या मध्यावर आठ कोनांची चांदणी, ती काढायला सोपी, एक चौकोन आणि त्यावर तेवढाच चौकोन पंचेचाळीस अंशात फिरवून. चपलेवर जी वेणी घालतात तीच शिवणीवर घालून घ्या, तिथे ती वस्तू आपली होते. भरायला जुने कपडे घट्ट, खाली चेन. पावसाळ्यात बुरशी येते, कोरड्या फडक्याने पुसायची आणि चपलेला पाजतो तसं तेल हलकं चोळायचं.

कंदिलासाठी नवीन पत्रा घ्यायलाच पाहिजे असं नाही. मोडीत जाणारी फुटकी तांब्याची कळशी असेल तर उलटी करून उत्तम कंदील होतो. आत राळ किंवा ओली वाळू ठासून भरा म्हणजे ठोकताना पत्र्याला पोचा पडत नाही, बाहेरनं कागदावर चांदण्यांची नक्षी चिकटवा, खिळ्याने खूण, मग दोन-तीन मापांच्या ड्रिलने भोकं. भोकं सगळी एका मापाची करू नका, सावल्या मेल्यासारख्या पडतात. बल्ब दुधी नको, पारदर्शक काचेचा फिलामेंटवाला एलईडी, पिवळा, २७०० केल्विन, कारण प्रकाश जितका एका बिंदूतून येतो तितकी भिंतीवर सावली रेखीव. आणि धातूचा दिवा आहे, अर्थिंगची वायर जोडल्याशिवाय लावायचा नाही.

लाकडी जाळीबद्दल एवढंच सांगतो की एमडीएफमध्ये, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीत, कटिंग केलेली जाळी खिडकीत लावू नका, आपल्या पावसात फुगते. मूळच्या मशरबिया जाळीत खरादावर काढलेले छोटे छोटे मणी-दांड्या एकमेकांत अडकवतात. तसं हवं असेल तर सावंतवाडीला लाकडी खेळण्यांचं काम करणाऱ्यांना विचारून बघा, खरादावरचा त्यांचा हात पिढ्यांचा आहे, एक फूट बाय दीड फुटाचा तुकडा करून घ्या आणि आतल्या दारात लावा.

ताईंनी शेवटी बेसिनमागची चुन्याची भिंत आणि एक पूफ एवढंच ठरवलं. बाकी फोटो त्यांनी तसेच ठेवलेत. भिंतीचे तीन नमुने त्यांच्या गॅलरीत सावलीला वाळत ठेवलेत, एक गेरूचा, एक पांढरा, एक हिरव्या ऑक्साइडचा, आणि ताई रोज सकाळी त्यावर बोट फिरवून मला फोन करतात की गेरूचाच घ्यायचा.